विश्लेषण : एशियाटिकच्या पायऱ्या पडद्यावर ‘कोर्ट’ का होतात? वारसा वास्तूंमधील चित्रीकरणाचे नियम, पैसा आणि धोके

खटल्याचा निकाल लागतो. वकिलांचा घोळका, मागे पत्रकार, पुढे नायक आणि त्याची आई. सगळे जण पांढऱ्या खांबांच्या एका भव्य इमारतीच्या रुंद पायऱ्या उतरतात. हिंदी चित्रपट आणि मालिका पाहणाऱ्या कोणालाही हे दृश्य तोंडपाठ असते. मात्र या इमारतीत न्यायदान होत नाही, तिथे ग्रंथालय आहे. मुंबईच्या फोर्ट भागातील हा टाऊन हॉल, म्हणजेच एशियाटिक सोसायटीची वास्तू. ऐतिहासिक वास्तू पडद्यावर दिसते तेव्हा तिला प्रसिद्धी मिळते, कधी थोडे पैसेही मिळतात. पण तिच्या दगडांवर, रोजच्या वापरावर आणि ओळखीवरही त्याचा परिणाम होतो. हे चित्रीकरण कोणाच्या परवानगीने होते, कोणते नियम लागू होतात आणि त्यातून वास्तूच्या पदरात काय पडते, याचा हा आढावा.

टाऊन हॉलचे ‘कोर्ट’ कसे झाले?

मुंबईचा टाऊन हॉल १८३३ मध्ये बांधून पूर्ण झाला. कर्नल थॉमस कूपर या लष्करी अभियंत्याने त्याचा आराखडा तयार केला होता. दर्शनी भागातले भारदस्त डोरिक खांब आणि त्यांच्याकडे नेणाऱ्या ३० पायऱ्या ही त्याची ओळख. ग्रीक-रोमन धाटणीचे खांब म्हणजे कायदा आणि सत्ता, ही प्रतिमा पाश्चात्त्य न्यायालयांच्या इमारतींनी आणि हॉलिवूडने जगभर रुजवली. आपल्या दिग्दर्शकांनीही ती उचलली.

मुंबई उच्च न्यायालयाची खरी इमारत १८७८ ची. कर्नल जे. ए. फुलर यांनी उभारलेली ती वास्तू गॉथिक शैलीतली आहे, टोकदार मनोऱ्यांची. ती देखणी आहे, पण ‘कोर्ट’ म्हणून डोळ्यांसमोर येणाऱ्या चित्रात बसत नाही. शिवाय चालत्या न्यायालयाच्या आवारात कॅमेरे, दिवे आणि शे-दीडशे माणसे नेणे जवळपास अशक्य. त्यामुळे ‘कोर्ट’ हवे असले, की युनिट टाऊन हॉलकडे वळते.

गमतीचा भाग सोडला तर यात एक तोटाही आहे. या इमारतीत लाखाहून अधिक ग्रंथांचा संग्रह आहे, दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चे दुर्मीळ हस्तलिखित आहे आणि दोनशेहून अधिक वर्षांची परंपरा असलेली संस्था आहे. असंख्य प्रेक्षकांना पायऱ्या ओळखीच्या आहेत, पण त्या चढून गेल्यावर काय आहे हे ठाऊक नाही.

चित्रपट आणि वारसा वास्तूंचे नाते किती जुने?

भारतात चित्रपट जितका जुना, तितकेच हे नाते जुने. ल्युमिए बंधूंच्या चित्रफिती भारतात पहिल्यांदा दाखवल्या गेल्या त्या ७ जुलै १८९६ रोजी, काळा घोडा परिसरातील वॉटसन हॉटेलात. तिकीट होते एक रुपया. ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभी राहिलेली ही इमारत आज एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली जाते. ती इतकी मोडकळीला आली, की काही वर्षांपूर्वी ती रिकामी करावी लागली.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९९ मध्ये, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एका कुस्तीचे चित्रीकरण केले. भारतीय माणसाने केलेल्या पहिल्या चित्रीकरणांत त्याची गणना होते. केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०१ मध्ये मायदेशी परतले, त्यांच्या स्वागताचा प्रसंगही सावेदादांनीच टिपला. म्हणजे आपल्याकडे पहिला ‘स्टुडिओ’ उभा राहण्याच्या आधी कॅमेरा शहराच्या ओळखीच्या जागांवर पोहोचला होता. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये झळकला. त्याचे सेट दादरच्या घरी उभारले गेले होते.

पुढे स्टुडिओंचा जमाना आला आणि चित्रीकरण चार भिंतींत गेले. ते पुन्हा मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर आले पन्नाशीच्या दशकात. चेतन आनंद यांचा ‘टॅक्सी ड्रायव्हर’ (१९५४) आणि राज खोसला यांचा ‘सीआयडी’ (१९५६) या चित्रपटांनी मुंबईचे रस्ते, मरीन ड्राइव्ह आणि फोर्टातल्या इमारती पडद्यावर आणल्या.

कोणत्या वास्तू कॅमेऱ्याच्या लाडक्या?

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे यातले पहिले नाव. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये काम सुरू झाले आणि सुमारे दहा वर्षांत ही इमारत उभी राहिली. तिच्यावरील कोरीवकामात तेव्हाच्या मुंबईतील कला विद्यालयाच्या, म्हणजे आजच्या जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा हात होता. २००४ मध्ये तिला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. डॅनी बॉइल यांच्या ‘स्लमडॉग मिलिऑनेअर’च्या (२००८) शेवटचे समूहनृत्य याच स्थानकाच्या फलाटावर झाले आणि ते जगभर पोहोचले.

बॅलार्ड इस्टेटचे गणित वेगळे. जॉर्ज विटेट यांच्या देखरेखीखाली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभा राहिलेला हा भाग एकसारख्या उंचीच्या, दगडी, एडवर्डियन धाटणीच्या इमारतींचा. इथे मुख्यतः कार्यालये आहेत. त्यामुळे रविवारी रस्ते ओस पडतात. दुकानांच्या पाट्या झाकल्या आणि दोन-चार जुन्या मोटारी आणून उभ्या केल्या, की जाहिरातीपुरते ‘लंडन’ तयार होते.

कुलाब्याची मुकेश मिल ही तिसरी तऱ्हा. १९८२ च्या आगीनंतर बंद पडलेली ही गिरणी भग्नावस्थेत असल्यामुळेच चित्रपटांच्या कामी आली. ‘हम’ (१९९१) चित्रपटातले गाजलेले गाणे इथलेच. गिरणगावाच्या इतिहासातला एक दुखरा तुकडा नाच-गाणी, मारामाऱ्या आणि भुताखेतांच्या कथांची पार्श्वभूमी झाला.

पुण्यात आगाखान पॅलेसचे उदाहरण बोलके आहे. १८९२ मध्ये बांधलेल्या या वाड्यात १९४२ ते १९४४ या काळात महात्मा गांधी स्थानबद्ध होते. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांचे निधन इथेच झाले. रिचर्ड अॅटनबरो यांनी ‘गांधी’चे (१९८२) काही चित्रीकरण याच वास्तूत केले. कस्तुरबांची भूमिका केलेल्या रोहिणी हट्टंगडी यांना त्यासाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. घटना जिथे घडली तिथेच ती पुन्हा साकारण्याचा असा योग क्वचित येतो.

वाईची गोष्ट तर चित्रपटसृष्टीतली दंतकथाच. प्रकाश झा यांचा ‘मृत्युदंड’, ‘गंगाजल’ आणि पुढे ‘दबंग’ यांतील उत्तर भारत कृष्णाकाठी उभा राहिला. शेजारच्या मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट ‘स्वदेस’मधून (२००४) देशभर पोहोचला. घाटावरच्या देवळात टांगलेली मोठी घंटा वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा असल्याचे सांगितले जाते. चित्रपटात मात्र ती एखाद्या उत्तरेकडच्या गावाची होऊन जाते.

परवानगी नेमकी कोण देते?

इथेच खरा गुंता आहे. ‘वारसा वास्तू’ हा शब्द एकच असला, तरी तिचा मालक, तिचे रक्षण करणारा कायदा आणि आजूबाजूचा रस्ता या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या यंत्रणांकडे असू शकतात.

देशात सुमारे ३७०० स्मारके केंद्र सरकारने संरक्षित म्हणून जाहीर केली आहेत. त्यांची जबाबदारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहे. मुंबई परिसरात घारापुरी, कान्हेरी यांसारखी लेणी या यादीत येतात, पण फोर्टातल्या बहुतेक प्रसिद्ध इमारती येत नाहीत. गेट वे ऑफ इंडियाही केंद्राकडे नाही. तो राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत आहे. २०२३ मध्ये त्याच्या दर्शनी भागावर भेगा दिसल्याची चर्चा झाली, तेव्हा केंद्र सरकारने संसदेत हीच बाब स्पष्ट केली होती. सीएसएमटी रेल्वेचे आहे. टाऊन हॉल सरकारी मालकीचा आणि वापर एशियाटिक सोसायटीचा. बॅलार्ड इस्टेटच्या इमारतींत वेगवेगळ्या कंपन्या आणि भाडेकरू.

म्हणून एका दिवसाच्या चित्रीकरणासाठी वास्तूच्या मालकाची संमती, महापालिकेच्या विभाग कार्यालयाची परवानगी, स्थानिक पोलीस ठाणे, वाहतूक पोलीस आणि गरजेनुसार अग्निशमन दल अशी दारे वाजवावी लागतात. ड्रोन उडवायचा तर आणखी वेगळी परवानगी. दक्षिण मुंबईत नौदलाची आस्थापने असल्याने ती मिळवणे सोपे नाही.

ही धावपळ कमी व्हावी म्हणून राज्यात ‘एक खिडकी’ पद्धत आणली गेली. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी चालवणारे महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ तिचे काम पाहते. केंद्रानेही परदेशी निर्मात्यांच्या सोयीसाठी २०१५ मध्ये चित्रपट सुविधा कार्यालय सुरू केले. खिडकी एक झाली, तरी तिच्यामागची टेबले मात्र एक झालेली नाहीत.

पुरातत्त्व कायदा काय सांगतो?

प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष कायदा १९५८ चा, त्याखालचे नियम १९५९ चे. केंद्र संरक्षित स्मारकात व्यावसायिक चित्रीकरणासाठी परवाना लागतो, शुल्क आणि अनामत भरावी लागते. त्यातल्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत.

छताखालच्या भागात, म्हणजे वास्तूच्या अंतर्भागात, चित्रीकरण करायचे नाही. वास्तूच्या कोणत्याही भागावर पाणी, तेल, ग्रीस यांसारखा पदार्थ लावायचा नाही. वीजनिर्मितीचे यंत्र वास्तूपासून आणि तिच्या बागेपासून दूर ठेवायचे. स्मारक किंवा त्याची हिरवळ धोक्यात येईल असे काही करायचे नाही. आणि स्मारक पाहायला आलेल्या लोकांची वाट अडवायची नाही.

शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त मोडली जाणारी. सामान्य माणसाला ‘शूटिंग चालू आहे, पलीकडून जा’ असे सांगणारा कार्यकर्ता प्रत्येक लोकेशनवर असतो. नियमाची भाषा याच्या नेमकी उलट आहे. स्मारक लोकांचे, आणि चित्रीकरणाने त्यांच्या सोयीने वागायचे.

अडचण अशी, की हे नियम फक्त केंद्र संरक्षित स्मारकांना लागू होतात. शहरातल्या इतर वारसा इमारतींसाठी मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. असे नियम करणारे मुंबई हे देशातले पहिले शहर. इमारतींची श्रेणी एक, दोन, तीन अशी वर्गवारी आणि वारसा संवर्धन समिती ही याच नियमावलीची देणगी. मात्र ती मुख्यतः बांधकाम, दुरुस्ती, पाडकाम आणि बदल यांसाठी लिहिलेली आहे. दोन दिवसांसाठी उभारलेला लाकडी सेट, भिंतीला टेकवलेला लोखंडी सांगाडा किंवा खांबांना गुंडाळलेल्या वायरी यांचा विचार तिच्या केंद्रस्थानी नाही. अशा वेळी सगळी भिस्त मालकाने केलेल्या करारावर राहते. करार काटेकोर असेल तर वास्तू वाचते, ढिला असेल तर निर्मात्याच्या भल्या-बुऱ्या स्वभावावर तिचे भवितव्य ठरते.

रेल्वेचे नियम अधिक चोख का?

रेल्वेने हा व्यवहार फार पूर्वीपासून व्यवस्थित बांधला आहे. चित्रीकरणासाठी संहिता सादर करावी लागते. रूळ ओलांडणे, टपावर बसणे अशा धोकादायक गोष्टींचे उदात्तीकरण नाही ना, हे पाहिले जाते. परवाना शुल्क, विमा, अनामत आणि गाडी किंवा डबे वापरायचे असतील तर त्यांचे वेगळे भाडे, असा हिशेब असतो. काम एकाच विभागीय रेल्वेच्या हद्दीत असेल तर तिथल्या जनसंपर्क विभागामार्फत परवानगी मिळते, अनेक विभाग असतील तर विषय रेल्वे बोर्डाकडे जातो.

यामागे व्यावहारिक कारण आहे. सीएसएमटी जागतिक वारसा असले, तरी आधी ते रोज लाखो प्रवाशांची ये-जा असलेले चालते स्थानक आहे. गर्दीच्या वेळी फलाट अडवता येत नाही. म्हणून रात्री उशिराची वेळ, सुट्टीचा दिवस किंवा कमी वापराचा फलाट दिला जातो. अनेकदा निर्माते सीएसएमटीचे फक्त बाहेरून दर्शन घेतात आणि आतले दृश्य आडबाजूच्या स्थानकावर टिपतात. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मधला (१९९५) शेवटचा रेल्वेचा प्रसंग पंजाबातला वाटतो, पण तो रायगड जिल्ह्यातल्या आपटा स्थानकातला आहे.

वास्तूचे नुकसान नेमके कशाने होते?

स्फोट किंवा मारामारीची दृश्ये धोकादायक वाटतात, पण रोजचे नुकसान बहुधा बारीकसारीक गोष्टींनी होते. मुंबईच्या जुन्या इमारती मालाड आणि कुर्ला भागातला दगड, पोरबंदरचा मऊ चुनखडक, चुन्याचा गिलावा आणि सागवानी लाकूड यांनी बांधलेल्या आहेत. चुनखडकात ठोकलेला एक खिळा छोटीशी कपची उडवतो. पावसाळ्यात त्याच फटीतून पाणी शिरते. चिकटपट्टी काढताना जुन्या रंगाचा थर सोबत निघतो. कॅमेऱ्याच्या ट्रॉलीसाठी टाकलेले रूळ आणि क्रेनचे वजन जुन्या फरशीवर एकाच जागी येते. सेटसाठी भिंतीला दिलेला आधुनिक रंग चुन्याच्या गिलाव्याला श्वास घेऊ देत नाही, ओल आत कोंडते. धुराची यंत्रे, गुलाल, कृत्रिम पाऊस यांचे डाग कोरीवकामात अडकतात.

मोठ्या घटनाही घडल्या आहेत. २००९ मध्ये जयपूरजवळच्या आमेर किल्ल्यात ‘वीर’ या चित्रपटाच्या चित्रीकरणादरम्यान वास्तूला हानी पोहोचल्याचा वाद राजस्थान उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि चित्रीकरण थांबवावे लागले. या प्रकरणाने एक प्रश्न ऐरणीवर आणला. नुकसान झाल्यावर अनामत जप्त करता येते, पण शेकडो वर्षांपूर्वीचे काम अनामतीच्या रकमेत परत घडवता येते का? उत्तर अर्थातच नाही असे आहे. म्हणून संवर्धनतज्ज्ञांचा भर भरपाईवर नाही, तर आधीच्या खबरदारीवर असतो.

पैसा कोठे जातो?

चित्रीकरणाचे भाडे हा वारसा वास्तूंसाठी उत्पन्नाचा मार्ग होऊ शकतो. ब्रिटनमध्ये शेकडो ऐतिहासिक घरे आणि बागा सांभाळणारी नॅशनल ट्रस्ट ही संस्था चित्रीकरणासाठी स्वतंत्र कार्यालय चालवते. ‘हॅरी पॉटर’मधल्या शाळेची काही दृश्ये जिथे टिपली गेली, ती लेकॉक अॅबी याच संस्थेकडे आहे. मिळालेले भाडे जतनाच्या कामावर खर्च करायचे, हे तिथले धोरण आहे. युनिट येते तेव्हा संस्थेचा माणूस सोबत असतो. दिवे किती अंतरावर, फर्निचरला हात कोणी लावायचा, हे तो ठरवतो.

आपल्याकडे सरकारी वास्तूचे शुल्क साधारणपणे सरकारी तिजोरीत जमा होते. ते त्याच वास्तूच्या गळक्या छपरावर खर्च होईल याची हमी नसते. खासगी विश्वस्त संस्था किंवा वाड्यांच्या मालकांची स्थिती निराळी. त्यांना पैसा थेट मिळतो, पण जतनाचा खर्च इतका मोठा असतो, की ‘आणखी एक शूटिंग घेऊ’ हा मोह आवरत नाही. एकीकडे वास्तू उपाशी आणि दुसरीकडे ती दमलेली, अशी ही कोंडी आहे.

निर्माते ‘मुंबई’ दुसऱ्या देशात का उभारतात?

नियम जाचक, गर्दी अनावर आणि शहर बदललेले असले, की निर्माता काढता पाय घेतो. अनुराग कश्यप यांच्या ‘बॉम्बे वेल्वेट’ची (२०१५) जुनी मुंबई श्रीलंकेत उभी राहिली. दीपा मेहता यांच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’चे (२०१२) चित्रीकरणही तिथेच झाले. ‘शांताराम’ या मालिकेतल्या मुंबईचा मोठा भाग थायलंडमध्ये घडला. २६/११ च्या हल्ल्यावरच्या ‘हॉटेल मुंबई’ची बरीचशी दृश्ये ऑस्ट्रेलियातील अॅडलेडमध्ये घेतली गेली.

याला केवळ परवानग्या जबाबदार नाहीत. साठच्या दशकातला रस्ता दाखवायचा तर आजच्या रस्त्यावरून वातानुकूलन यंत्रे, केबलच्या जाळ्या, फलक, मेट्रोचे खांब असे सगळे पुसावे लागते. ते संगणकावर पुसण्यापेक्षा नवे शहर बांधणे कधी कधी स्वस्त पडते. ऐतिहासिक चित्रपटांसाठी हा मार्ग जतनाच्या दृष्टीने चांगलाही ठरतो. ‘जोधा अकबर’साठी (२००८) कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी कर्जतच्या स्टुडिओत किल्ल्याचे भव्य सेट उभारले होते. तिथे तोफ डागा किंवा हत्ती न्या, खऱ्या दगडाला ओरखडा येत नाही.

उलट दिशेची उदाहरणेही आहेत. ख्रिस्तोफर नोलन यांनी ‘टेनेट’साठी (२०२०) गेट वे आणि कुलाब्याच्या परिसरात प्रत्यक्ष काम केले, ‘द डार्क नाइट राइजेस’साठी (२०१२) जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याची निवड केली. नियोजन पक्के असेल तर खऱ्या जागी काम करता येते, हे त्यातून दिसते.

पडद्यावर दिसल्यावर पर्यटक येतात, मग?

जेम्स बाँडचा ‘ऑक्टोपसी’ (१९८३) उदयपूरला चित्रित झाला. त्यानंतर कितीतरी वर्षे तिथल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांत रोज संध्याकाळी तो चित्रपट दाखवला जात राहिला. गोव्यातला शापोरा किल्ला ‘दिल चाहता है’नंतर (२००१) याच नावाने ओळखला जाऊ लागला. तिथे जाणाऱ्या अनेकांना त्याचा पोर्तुगीज आणि मराठे यांच्या संघर्षाशी असलेला संबंध माहीत नसतो, तीन मित्र कोणत्या भिंतीवर बसले होते ते मात्र पक्के ठाऊक असते.

यातून रोजगार येतो, हे खरेच. पण मर्यादा ओलांडली की काय होते, ते क्रोएशियातील दुब्रोव्हनिक शहराने अनुभवले. १९७९ पासून जागतिक वारसा यादीत असलेले हे तटबंदीचे शहर ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेत राजधानी म्हणून झळकले. त्यातच मोठ्या क्रूझ बोटींची भर पडली. गल्ल्या इतक्या तुंबल्या, की युनेस्कोने चिंता व्यक्त केली आणि शहराला बोटींच्या आणि प्रवाशांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली.

पणजीचे फोंतेन्हास त्याच वाटेवर आहे. रंगीत भिंती, लाकडी सज्जे आणि अरुंद गल्ल्या यांमुळे चित्रपट, लग्नाआधीचे फोटो आणि रील यांची तिथे रीघ लागते. फोटोत दिसणारा तो दरवाजा कोणाच्या तरी घराचा आहे, त्यामागे कोणी आजारी माणूस झोपलेला असेल, हे फोटो काढणाऱ्याच्या लक्षात येत नाही. रहिवाशांनी फोटो काढण्यास मनाई करणाऱ्या पाट्या लावल्या, त्या याच वैतागातून.

मग चित्रपटांनी शहराला काहीच दिले नाही का?

दिले, आणि तेही अमूल्य. शहर बदलत जाते, चित्रपट ते होते तसे जपून ठेवतो. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची धावली. आज ती पाहायची तर जुन्या चित्रपटांतच. जहांगीर कलादालनातले समोवार हे उपाहारगृह २०१५ मध्ये बंद झाले. पण बासू चॅटर्जी यांच्या ‘छोटी सी बात’मध्ये (१९७६) ते अजून गजबजलेले आहे. संवर्धन वास्तुविशारदांना एखाद्या इमारतीचा मूळ सज्जा, खिडकी किंवा कठडा कसा होता याचा माग जुन्या छायाचित्रांत घ्यावा लागतो. जुने चित्रपट हा त्याचाच हलता पुरावा आहे.

दुसरे योगदान आपुलकीचे. मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. यामागे अभ्यासक आणि नागरिक संघटनांची अनेक वर्षांची मेहनत होती. पण मरीन ड्राइव्हच्या गोलसर सज्जांच्या इमारती देशभरातल्या माणसाला ‘आपल्या’ वाटतात, त्याला सात दशकांची गाणी कारणीभूत आहेत. ज्या वास्तूवर लोकांचा जीव जडतो, ती पाडणे अवघड होते.

पुढे काय करता येईल?

उपाय खर्चीक नाहीत, शिस्तीचे आहेत. पहिला, चित्रीकरणाआधी आणि नंतर संवर्धन वास्तुविशारदाने वास्तूची छायाचित्रांसह पाहणी करावी आणि तिचे शुल्क निर्मात्याने द्यावे. दुसरा, छताखालचे काम, खिळे, पाणी, रंग, वजन यांबाबत पुरातत्त्व नियमांसारख्याच अटी शहरातल्या श्रेणी एकच्या सर्व इमारतींना लागू व्हाव्यात, मालक कोणीही असो. तिसरा, भाड्याचा ठरावीक हिस्सा त्याच वास्तूच्या देखभालीसाठी राखून ठेवावा. चौथा, वर्षाकाठी एका वास्तूत किती दिवस चित्रीकरण होईल, याची कमाल मर्यादा आधी जाहीर करावी. त्याने वास्तूला विश्रांती मिळेल आणि निर्मात्यालाही वेळापत्रक आखता येईल.

पाचवा उपाय सगळ्यात सोपा. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत कुत्र्या-घोड्यांच्या प्रशिक्षकांपासून चहा देणाऱ्यांपर्यंत सगळ्यांची नावे येतात. ज्या वास्तूने दोन तास ‘कोर्ट’, ‘लंडन’ किंवा ‘उत्तर प्रदेश’ होऊन काम केले, तिचे खरे नाव आणि गाव तिथे ठळकपणे द्यावे. ते वाचून एखादा प्रेक्षक जरी एशियाटिकच्या तीस पायऱ्या चढून आत गेला आणि ग्रंथालयात डोकावला, तरी त्या वास्तूला तिच्या खऱ्या नावाने ओळखणारा एक माणूस वाढेल.